पॅनेलपुढची जागा

थोरलीनेच धाकटीला कारखान्यात चिकटवलं होतं, आणि आता तेच तिच्या पोटात दुखत होतं.

कारखाना प्लॅस्टिकच्या बादल्यांचा. थोरली पॅकिंगची प्रमुख. बादलीत बादली घालून मनोरे रचायचे, झाकणांचे खोके भरायचे, माल गाडीत चढवायचा. सगळं तिच्या शब्दावर हलायचं. घरातली पहिली कमावती सून म्हणून सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची सून कारखाना चालवते." मग धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी जाऊ इलेक्ट्रिशियनचं शिकून आलेली. थोरलीने मोठ्या मनाने मालकांकडे शब्द टाकला. बघता बघता कारखान्याची सगळी वीज धाकटीच्या हाती आली आणि सासूबाईंचं वाक्य बदललं. "आमची धाकटी वीज मुठीत धरते," असं त्या म्हणू लागल्या. कारखाना चालवणारी मागे पडली. थोरलीचा नवरा तर साधा दिवा गेला तरी "तिला येऊ दे" म्हणून अंधारात बसून राहायचा.

हे सगळं थोरलीने गिळलं. पण टेबलाचं गिळता येईना.

पॅकिंगच्या भिंतीला कपाटाएवढं लोखंडी पॅनेल होतं. सगळ्या यंत्रांची वीज तिथून वाटली जायची. त्याच्या पुढ्यातच थोरलीचं टेबल. तिथे बसलं की दारातून येणारी गाडी दिसायची, कामावरची माणसं दिसायची, आणि मुख्य म्हणजे त्या माणसांना थोरली दिसायची. धाकटीने मालकांना सांगून ते टेबल उचलायला लावलं. पॅनेलचं दार सताड उघडलं पाहिजे, म्हणाली. मेन स्विच ओढताना माणसाला बाजूला उभं राहता आलं पाहिजे, आत भडका उडालाच तर मागे सरकायला जागा हवी. मालकांनी मान डोलावली, पिवळा रंग मागवला, आणि पॅनेलपुढे चांगला मोठा चौकोन आखला गेला. थोरलीचं टेबल खांबाआड गेलं. तिथून तिला फक्त खांब दिसायचा.

"जाऊबाई, मनावर घेऊ नका," धाकटी घरी म्हणाली. "ती जागा माणसासाठी ठेवलीय. तिथे वस्तू नको."

"मग मी काय, वस्तू?" असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण सासूबाई समोर होत्या. तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली.

त्यानंतर तो रिकामा चौकोन तिच्या डोळ्यांत सलू लागला. माल ठेवायला तसूभर जागा नाही आणि इथे एवढी जागा मोकळी. जणू धाकटीचं अंगणच. जाता-येता माणसं त्या पिवळ्या रेघेला वळसा घालायची, आणि प्रत्येक वळशाला थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने ओरडून सांगितलं तरी जी माणसं बादल्या नीट लावत नसत, ती धाकटीच्या रेघेला अशी जपत होती.

एकदा मोठी ऑर्डर निघाली. गाडीला उशीर होता आणि झाकणांचे खोके दारापर्यंत साचले होते. हमाली करणारा पैलवान खोके घेऊन आला. काडीसारखा माणूस, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. कुठे ठेवू, असं त्याने विचारलं. मागे गोदामात दोन खोक्यांपुरती जागा होती, थोडं सरकवलं तर सगळेच मावले असते. हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

"तिकडे ठेव," ती म्हणाली आणि पॅनेलकडे हात केला.

पैलवान घुटमळला. थोरलीने नुसतं पाहिलं. त्याने खोके रचले. चौकोन भरत गेला तसं थोरलीला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

दुपारी फुटक्या बादल्यांचा चुरा करणारं यंत्र अडकलं. मोटर धुमसायला लागली, यंत्राचं बटण दाबलं तरी ती थांबेना. शेजारीच प्लॅस्टिकच्या चुऱ्याचा ढीग. धाकटी धावत आली ती थेट पॅनेलकडे, आणि खोके बघून क्षणभर थबकली. हटवायला वेळ नव्हता. ती अंग चोरून खोक्यांच्या आणि पॅनेलच्या मधल्या फटीत शिरली. बाजूला उभं राहायला जागाच नव्हती. छातीसमोर मेन स्विच, पाठीला खोके. तिने मान वळवली आणि दांडा ओढला. फट्ट आवाज झाला, आत पांढरा उजेड झाला आणि सगळा कारखाना गप्प झाला. तिची पाठ खोक्यांवर आपटली, पण खोके हलले नाहीत.

पहिला खोका थोरलीने ओढला. मग दुसरा. धाकटीला बाहेर काढलं तेव्हा उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत भाजली होती आणि भुवई करपली होती. डोळे वाचले होते.

हॉस्पिटलात मालकांनी विचारलं तेव्हा धाकटीने, खोके कुणी ठेवले ते ठाऊक नाही, असं सांगितलं. थोरलीला हे कळलं आणि सुटल्यासारखं वाटण्याऐवजी ती आणखीच जळली. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पुढे! संध्याकाळी ती खाटेशी जाऊन बसली.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमच्यासाठी नाही केलं मी ते," धाकटी छताकडे बघत म्हणाली. "घरात दोन चुली व्हायला नकोत म्हणून केलं. तुमचा तर मला इतका राग आलाय की तुम्ही समोर बसलेल्यासुद्धा नकोत."

हे ऐकून थोरलीला आत कुठेतरी हलकं वाटलं. जाऊ देवी नव्हती, माणूसच होती.

"पैलवानाला काढून टाकतायत," थोरलीने सांगितलं. "त्याने ठेवले म्हणून. तो माझं नाव सांगत नाही."

धाकटीने मान वळवली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरताना पाहून थोरलीला एक क्षण गोड वाटलं. हीसुद्धा चुकते तर. दुसऱ्याच क्षणी त्या गोडीची तिला शिसारी आली. जिचा हात आपल्यामुळे बांधलेला, तिचीच चूक आपण चघळतोय.

ती तशीच उठली आणि मालकांच्या घरी गेली. जागा होती, तरी मुद्दाम तिथे ठेवायला लावले, असं तिने सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं. "मत्सर," ती म्हणाली.

पैलवान राहिला. थोरलीची प्रमुखपदाची खुर्ची गेली आणि ती बादल्यांना कड्या लावायला बसली. सासूबाईंनी बरेच दिवस अबोला धरला.

धाकटी घरी आली तेव्हा तिची बोटं वळत नव्हती. सकाळी ती डाव्या हाताने केसांशी झटत होती. थोरली न विचारता मागे बसली आणि कंगवा घेतला. केस दाट होते, कमरेपर्यंत. आपल्या वेणीचं शेपूट झालंय हे थोरलीला आठवलंच.

"हळू, जाऊबाई. ओढलं जातंय."

"हळूच करतेय," थोरली म्हणाली, आणि पेड सोडून पुन्हा पहिल्यापासून, जरा सैल हाताने घालू लागली.