लंबूचे शून्य गोल

चष्मेवाल्या मामाकडे चारशे बारा फुटबॉलपटू होते, सगळे पुठ्ठ्याचे. एकेक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटं वहीत आणि वह्या त्याच्या चष्म्यांच्या दुकानातल्या कपाटात. मामाला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे ही कपाटभर माणसं रद्दीत जाणार, हा घोर त्याच्या जिवाला लागला होता. आशा काय ती भाचीची. ती दर रविवारी यायची, एक वही चाळायची आणि जांभई द्यायची.

"मामा, ह्यांचं करायचं काय असतं?" तिनं त्या दिवशी विचारलंच.

"बघायचं. जपायचं."

"बस्स?"

मामाला ते झोंबलं. "अगं, लहानपणी आम्ही ह्यांच्यावर डाव मांडायचो! मागं आकडे असतात. गोल, सामने, उंची. एकानं त्यातलं एक पुकारायचं, ज्याचा आकडा मोठा त्याला दोन्ही कार्डं."

हा हा म्हणता एक वही रिकामी करून त्यानं कार्डं पिसली, वाटली.

"खोटं खोटं की खरं खरं? जिंकलेलं ज्याचं त्याला?" भाचीनं आधीच विचारून घेतलं.

"हॅट्! आम्ही कधी खोटं खोटं खेळलो नाही," मामानं फुशारकी मारली.

पोरगी पक्की निघाली. सहा कार्डं गमावल्यावर मामानं सातवं उचललं. लंबू! मामाच्या लाडक्या संघाचा गोलकीपर. ह्या कार्डापायी अकराव्या वर्षी नवीकोरी कंपासपेटी देऊन टाकली होती आणि वडिलांचा मार खाल्ला होता. ते बाजूला काढायचं राहूनच गेलं होतं. आता हिनं उंची पुकारली तरच धडगत होती.

भाचीनं त्याचा उतरलेला चेहरा निरखला.

"गोल," ती म्हणाली.

लंबूनं उभ्या जन्मात एकही गोल केला नव्हता. करणार कुठून, त्याचं कामच अडवायचं! भाचीच्या कार्डावर होता एक. एकच.

तिनं लंबूला उचललं. मामाच्या अगदी ओठांवर आलं, अगं, तेवढं सोडून. मागितलं असतं तर तिनं दिलंही असतं. पण ती कार्ड उलटसुलट करून वाचत बसली होती, आणि इतकं मन लावून ह्या दुकानात तिनं आजवर काहीच वाचलं नव्हतं. मामानं जीभ आवरली.

"ह्यानं किती अडवले ते का नाही लिहिलं?" ती एकदम तडकली. "बिचारा! नुसतं शून्य दिसतंय."

आणि मामा हां हां म्हणेपर्यंत तिनं टेबलावरचं पेन घेऊन त्या चाळीस वर्षं जपलेल्या, डागसुद्धा न पडलेल्या कार्डावर लिहिलं, अडवले: खूप.

मामानं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते, आणि दुःखानं नव्हे.

"खूप काय लिहितेस?" तो म्हणाला. "एकशे सत्त्याऐंशी. मी मोजलेत. खोड आणि नीट लिही."