ओला चेंडू

"ते सभासद नव्हते गं, एल्विरा," रोसेन्दो म्हणाला. "त्याला मी काय करू?"

क्लबचं कार्यालय निम्मं रिकामं झालं होतं. करंडक खोक्यांत गेले होते आणि भिंतीवर जिथे फ्रेमा होत्या तिथे फिकट चौकोन राहिले होते. रिबामोरा क्लबचा नदीकाठच्या या जुन्या मैदानावरचा आज शेवटचा सामना. पुढच्या मोसमापासून संघ महामार्गालगतच्या नव्या मैदानावर, प्लास्टिकच्या गवतावर खेळणार होता. एल्विराने एवढंच विचारलं होतं, की सामन्याआधी सगळे मिनिटभर शांत उभे राहतात, त्यात वडिलांचं नाव घ्याल का? वेनान्सियोंना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"खेळाडू, पदाधिकारी, सभासद. एवढ्यांसाठीच. नियमच आहे तसा," चिटणीस रोसेन्दो म्हणाला. "आजचं मिनिट माजी अध्यक्षांसाठी ठरलंय. महापौर येणार, टीव्हीवाले येणार. तुझ्या वडिलांचं नाव घेतलं की उद्या कपडे धुणारीचा मुलगा दारात उभा. परवा तिकीट फाडणाऱ्याची बायको. मग आम्ही खेळायचं कधी?"

"बरं."

"रागावलीस?"

"नाही."

ती खरंच रागावली नव्हती. तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. सभासदाचं कार्ड लागतं ते फाटकातून आत जायला, आणि वडील या मैदानाच्या फाटकातून कधी आत आलेच नव्हते. ते यायचे नदीतून.

एक फ्रेम अजून भिंतीवर होती. त्रेपन्न सालच्या चषकाच्या सामन्यातली. माद्रिदचा बलाढ्य संघ या गावात येऊन हरला होता, त्या गोलचा फोटो. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने तो गोल डोळ्यांनी पाहिला होता. निदान तसं प्रत्येक जण सांगायचा. गोलरक्षक आडवा झेपावला आहे आणि चेंडू त्याच्या बोटांपलीकडे, जाळ्याला टेकतो आहे. एल्विराने हा फोटो लहानपणापासून पाहिला होता, पण आज तिला त्यातला चेंडू दिसला. तो काळा होता. त्या काळातले कातडी चेंडू फिकट तपकिरी असायचे. हा भिजून काळा पडला होता.

"काय बघतेस?" रोसेन्दोने विचारलं.

"काही नाही. होडीत कोण असणार आज?"

"कोणी नाही. आता चेंडूंना काय तोटा आहे? गेला एखादा तर गेला."

हे मैदान मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी घडवलं होतं. नदीच्या मुखाशी, जहाजांनी टाकलेल्या दगडगोट्यांची भर घालून. जागा तेवढीच मिळाली, म्हणून पश्चिमेकडचा गोल थेट धक्क्याच्या भिंतीला लागून आला. भिंतीपलीकडे पाणी. क्लबचा शर्ट तेव्हा लाल होता. स्पेनच्या यादवी युद्धात या मैदानावर माणसं कोंडून ठेवली होती, पावसात, उघड्यावर. त्यातली काही परत घरी आली नाहीत. लाल हा हरलेल्या बाजूचा रंग; युद्ध संपल्यावर तो अंगावर घालायची सोय उरली नाही, म्हणून शर्ट निळा झाला. त्याबद्दल गावात कोणी बोलत नसे. फुटबॉलबद्दल मात्र सगळे बोलत.

वेनान्सियो कारखान्यात अँचोव्ही मासे मिठात रचायचे. रविवारी आपली चपट्या बुडाची होडी घेऊन भिंतीमागे उभे राहायचे. त्या काळी क्लबकडे खेळण्याजोगा चेंडू एकच असे. तो नदीत पडला की सामना थांबे. मग सगळं मैदान लाकडी फळ्यांवर पाय आपटत एका सुरात ओरडे: "वेनान्सियो! चेंडू!" ते वल्ही मारत जात, लांब दांड्याच्या जाळीने चेंडू उचलत आणि भिंतीवरून आत फेकत. जरा उशीर झाला की वरून आवाज येई, "झोपलास का रे मेल्या?" नाहीतर, "मासे मागून धर, आधी चेंडू दे!" पुढे चेंडू भरपूर झाले, तरी ती आरोळी गेली नाही. बाहेरगावचे खेळाडू तिला हसत.

भिंत उंच होती. आतलं काही दिसत नसे. माद्रिदला हरवणारा तो गोल झाला तेव्हा बाबा नुकतेच चेंडू फेकून ओहोटीशी झगडत होते. त्यांनी फेकलेल्या चेंडूनेच तो गोल झाला आणि त्यांनी तो ऐकला. बस, एवढंच. दर रविवारी ते घरी आले की ओल्या बाह्या झटकत दारातच विचारायचे, "किती झाले?" आई रेडिओवरून ऐकलेलं सांगायची. पुष्कळदा त्यांचा अंदाज चुकलेला असे. चेंडू गोलच्या दांड्याला लागून परतला, की लोकांच्या तोंडून जो आवाज निघतो तो त्यांना गोल वाटायचा. "असं कसं? मी तर दोन मोजले," म्हणत ते हिरमुसून हात धुवायला जायचे. साबणाने कितीही घासले तरी त्यांच्या हातांचा खारट वास जात नसे.

एल्विरा शिकली, ओव्हिएदोला गेली, वाचनालयात नोकरीला लागली. सुट्टीत घरी आली की म्हणायची, "बाबा, एकदा तरी आत बसून बघा की."

"मग बाहेर कोण?" ते विचारायचे.

मैदानावरच्या उपाहारगृहात ओब्दुलिया बटाट्याचं जाड ऑम्लेट उलटत होती. सामना संपला की ती भिंतीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी दारातून धक्क्यावर जायची आणि वेनान्सियोंना पावात घातलेला ऑम्लेटचा तुकडा नि सफरचंदाची दारू द्यायची. क्लबकडून त्यांना मिळे ते एवढंच.

"काय म्हणाला तो शहाणा?" तिने विचारलं.

"नियम आहे म्हणाला."

"नियम! याच्या लग्नात बाकं कमी पडली तेव्हा तुझ्या बापाने कारखान्यातली पिंपं आणून दिली होती. तेव्हा नियम कुठे शेण खायला गेला होता? थांब, मीच बघते त्याच्याकडे."

"नको, ओब्दुलियामावशी. मागून घेतलेलं मिनिट कशाला?"

ओब्दुलियाने तव्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "मग बस माझ्याजवळ. इथून छान दिसतं."

"मी होडीत असेन."

"वेडी की काय! पाण्यातून काही दिसत नाही, अगं."

"ठाऊक आहे."

होडी धक्क्याच्या उतारावर पालथी पडली होती. तीन आठवड्यांच्या उन्हाने तिच्या फळ्यांच्या फटी किंचित उघडल्या होत्या. एल्विराने ती सुलटी केली, जाळी आत टाकली आणि पाण्यात लोटली. तळातून थोडं पाणी आत आलं आणि मग थांबलं. लहानपणी ती या होडीत बाबांच्या पायांशी बसायची. भिंतीला एक लोखंडी कडं होतं. त्यातून दोर ओवून बाबा होडी जागेवर ठेवायचे. कड्याखालचा दगड त्या दोराने घासून गुळगुळीत झाला होता.

आत बँड वाजला. महापौर बोलले; शब्द कळले नाहीत. मग माजी अध्यक्षांचं नाव पुकारलं गेलं आणि सगळे उभे राहिल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकलं, कोणीतरी सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिलं. मिनिट पुरं होण्याआधीच शिट्टी वाजली आणि टाळ्या झाल्या. एल्विराने दोर घट्ट केला. तिला वाटलं होतं की हे ऐकताना रडू येईल. तसं काही झालं नाही. पाणी होडीला थपथप करत राहिलं.

पूर्वार्ध संपला, उत्तरार्ध सुरू झाला. भिंतीवरची उंच जाळी हिवाळ्यातल्या वादळात फाटली होती आणि मैदान सोडायचंच म्हणून कोणी ती पुन्हा लावली नव्हती. ओहोटी लागली. कडं करकरू लागलं. तेवढ्यात बुटाचा जोरकस आवाज आला आणि चेंडू भिंतीवरून, तिच्या डोक्यावरून, नदीत जाऊन पडला.

आत पाय आपटले. हजारो वेळा आपटले होते तसेच.

"वेनान्सियो! चें—"

आरोळी मधेच तुटली. काही तोंडांतून उरलेला शब्द निघाला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात घरंगळला आणि विझला. मग काही नाही. कोणी खोकलं नाही. पंचांची शिट्टी वाजली नाही. झेंड्याच्या काठीला दोर आपटत होता, तेवढाच आवाज. आत चेंडू होते. गोलमागे पिशवीभर होते. ते कोणी काढले नाहीत.

एल्विराला आधी कळलंच नाही. मग तिच्या ध्यानात आलं की ते थांबले आहेत. भिंतीमागे कोणी नाही असं धरून चाललेलं ते सगळं गाव थांबलं होतं.

चेंडू समुद्राकडे निघाला होता. तिने कड्यातला दोर सोडवला आणि वल्ही हातात घेतली. प्रवाहाबरोबर जाणं सोपं होतं. जाळीत चेंडू आला तो दोनदा निसटून. परत येताना ओहोटी समोरून होती. खांदे भरून आले, तळव्यांची साल निघाली, आणि भिंत काही केल्या जवळ येईना. तेव्हा कुठे तिला रडू आलं. वल्ही हातात असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

आत अजून तशीच शांतता होती.

तिने होडीत उभं राहून चेंडू फेकला. तो भिंतीच्या कडेला लागून परत पाण्यात पडला. बाबा एका हाताने फेकायचे. तिने तो पुन्हा उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून वर टाकला. तो काठावर क्षणभर अडला आणि मग पलीकडे गेला.

पलीकडे ओल्या चेंडूचा जमिनीवर आपटल्याचा जड आवाज आला. कोणी टाळी वाजवली नाही. बऱ्याच वेळाने, जणू परवानगी विचारून, पंचांनी शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू झाला.

सामना संपला तेव्हा ती होडी उतारावर ओढत होती. ओली होडी जड होते. कोणीतरी मागून हात लावला. रोसेन्दो होता. नवे बूट घालूनच तो गुडघाभर पाण्यात उतरला होता. दोघांनी मिळून ती वर आणली आणि पालथी केली. मग त्याने पाण्यात पडलेली जाळी उचलली, झटकली, होडीच्या बुडावर नीट आडवी ठेवली आणि निघून गेला. उताराच्या दगडांवर त्याच्या बुटांचे ओले ठसे वरपर्यंत गेले.

कोपऱ्यातल्या दारातून ओब्दुलिया आली. एका हातात कागदात गुंडाळलेला पाव, दुसऱ्यात पेला. तिचे डोळे सुजले होते.

"खा आधी," ती म्हणाली.

एल्विराने ओल्या बाह्या झटकल्या.

"किती झाले?"

ओब्दुलिया तिच्याकडे बघत राहिली. "दोन-एक. हरलो."

"असं कसं? शेवटी शेवटी आपला गोल झाला ना? मी ऐकला."

"दांड्याला लागला गं तो," ओब्दुलिया म्हणाली.

एल्विराने मान हलवली आणि पाव हातात घेतला. तो अजून गरम होता. तिने तो लगेच खाल्ला नाही. पालथ्या होडीवर, जाळीच्या बाजूला, ती बसून राहिली आणि ओहोटीने उघडा पडत चाललेला गाळ पाहत राहिली.