सोपानरावांच्या आडातली गंगा

वैशाखात चिंचवडातले आड तळाला लागले आणि सोपानरावांच्या परसातला आड मात्र हातभर वर चढला. वर पांढरा फेस! मग काय विचारता? रावेत-पुनावळ्याहून बैलगाड्या सुटल्या, नारळांचे ढीग पडले, आणि आडाच्या काठावर व्याघ्रचर्म अंथरून गंगागीर बुवा बसले.

"भक्तहो, ही साक्षात भागीरथी! काशीहून पाताळमार्गे निघाली, ती सोपानरावांच्या पुण्याईला भुलून इथं प्रकटली. हा फेस नव्हे, शंकराच्या जटेतले तुषार! एक घोट घ्या, सात पिढ्यांचं पाप धुऊन निघेल!"

पाप निघत होतं की नाही कोण जाणे, पोटं मात्र धुऊन निघत होती. दवाखान्यातल्या नर्स सावित्रीबाईंच्या ओसरीवर हगवणीची पोरं रांगेनं निजली होती, आणि ज्या आईला विचारावं ती हेच पाणी पाजत होती.

सोपानरावांनी आडामागं चढावर कारखान्यातल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्यांचा संडासाचा खड्डा आडाला अगदी खेटून. न्हाण्यांचं पाणीही त्यातच. खड्डा खणला तेव्हाच सावित्रीबाईंनी बजावलं होतं, "पिण्याच्या पाण्याजवळ हे पंचायतीच्या नियमात बसत नाही. बुजवा."

"आड माझा, जागा माझी," सोपानराव हसले होते. "नियम कुणाला सांगता, बाई?"

आता भागूबाई नातीला घेऊन आली. पोरीचे डोळे खोल गेले होते.

"पाणी उकळून द्या म्हटलं होतं ना?"

"गंगा उकळायची व्हय, बाई? पाप लागंल!"

सावित्रीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हेच त्या घरोघर सांगून थकल्या होत्या. त्याच दिवशी पत्र्याच्या खोलीतल्या ज्योतीरामचं तान्हं मूल गेलं. बुवा म्हणाले, "भाग्यवान! गंगेनं पदरात घेतलं." ते ऐकलं मात्र, सावित्रीबाई तडक आडावर गेल्या.

"बुवा, ही गंगा काशीहूनच येते ना?"

"त्रिवार!"

"मग या संडासाच्या खड्ड्यात मी काही ओतलं, तर तिला बाधा नाही?"

बुवा कात्रीत सापडले. बाधा होते म्हणावं, तर गंगा संडासातली ठरत होती!

"ओत बाई, खुशाल ओत!"

पोलीस पाटील धर्माजींच्या देखत सावित्रीबाईंनी खड्ड्यात डबाभर रॉकेल ओतलं. वरून आणखी पाणी सोडलं. आडात कुणी काही टाकू नये म्हणून त्यावर फळ्या घातल्या, आणि पाटील व बुवा दोघंही त्यावर ठाण मांडून बसले.

सकाळी धर्माजींनी स्वतः बादली ओढली. पाण्यावर रंगीत तवंग तरळत होता.

"आयला! रॉकेल हाय की ह्ये!"

"कोपली! गंगा कोपली!" बुवा ओरडले.

सावित्रीबाईंनी तांब्या भरून पुढं केला. "मग प्या, आणि शांत करा तिला."

"आज... आज आमचा उपवास."

"रोजच उपास आसतो यांचा!" गर्दीतून नदीचं पाणी भरणारी तानाबाई कडाडली. "प्यायचं पाणी माझ्याकडनं नदीचं मागून नेतात, त्येबी उकळून!"

तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं. खोल्यांतली माणसं वाढली तसं न्हाणी-संडासाचं पाणी मुरमाच्या भेगांतून आडात झिरपलं, म्हणून पातळी चढली. फेस होता तो साबणाचा.

बुवा व्याघ्रचर्म गुंडाळून चालते झाले. सोपानराव "पण..." म्हणाले, तशा सावित्रीबाई उसळल्या, "आड तुमचा असेल. त्याचं पाणी पिणारी पोरं तुमच्या मालकीची नाहीत!"

खड्डा बुजला, आड उपसला, त्यात औषध पडलं. भागूबाईची नात हळूहळू सावरली. ज्योतीरामच्या खोलीला मात्र कुलूप होतं. नवरा-बायको गावी निघून गेले होते.

आणि एवढं होऊन भागूबाई विचारते कशी, "बाई, त्यात थोडी तरी गंगा आसंल की न्हाई?"

सावित्रीबाईंना रडावं की ओरडावं कळेना. "अगं, आडात पाणी वाढलं तर ते आलं कुठून एवढं आधी विचारत जा! हात नंतर जोड. विचारायला पैसा पडत नाही, भागूबाई. न विचारल्यानं पोर जातं."