पाच इंचांची खाच

"एवढी मोठी वस्तू अंगण अडवून पडलीय, आणि उपयोग काय, तर चादरी वाळत घालायला!" माझ्या उपड्या पोटावर ओली चादर आपटत घरातली थोरली जाऊ रोज एवढंच पुटपुटते.

मित्रांनो, ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुनी मासेमारीची होडी आहे. दीड वर्षापासून अशीच उपडी आहे. माझी मागची बाजू पोत्याने झाकलेली आहे. पावसासाठी, असं घरात म्हणतात. बाकीची मी खुशाल भिजते.

मला सुतारकाकांनी घडवलं. खिळा मारण्याआधी ते फळीला कान लावायचे. लाकूड बोलतं, म्हणायचे. "माझं तेवढं ऐकू येत नाही," असं त्यांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची. माझी मागची आडवी फळी त्यांनी मुद्दाम उंच ठेवली. पाठीमागून येणारी लाट तिच्यावर आपटायची आणि मुकाट्याने परत जायची.

मी दोन भावांची. थोरला पुढे जाळं ओढायचा, धाकटा वल्ही मारायचा. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, हिला नुसतं वल्हं दाखवलं तरी पळते. मी थोडी फुगायचे. लाकूड ओलं झालं की फुगतंच म्हणा.

मग धाकट्याचा उजवा खांदा धरला. त्याने कुणाला सांगितलं नाही. शर्टाची बटणं त्याची बायको लावून द्यायची. पण एकदा तो डाव्या हाताने भांग पाडताना थोरल्याने पाहिलं. आठ दिवसांनी तो होडीच्या मागे लावायचं एक जुनं आउटबोर्ड मशीन खांद्यावर घेऊन आला.

"घे. वल्ह्यांना सुट्टी."

"अरे दादा, मग मी करू काय?"

"शिट्टी वाजव."

त्या दिवशी दोघं इतके हसले! मित्रांनो, ते मशीन मायेपोटी आलं होतं, हे विसरू नका. म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

मशीन माझ्या मागच्या फळीला अडकवलं, तर त्याचा पंखा पाण्यापर्यंत पोचेना. दांडा आखूड, फळी उंच. सुतारकाकांना बोलावलं.

"पाच इंच खाच पाडावी लागेल," काकांनी पेन्सिलीने रेघ ओढली. "आतून प्लायवूडचा दुहेरी थर देतो, मशीनचं वजन पेलेल. पण खाचेच्या पुढे, होडीच्या आत, एक आडवी भिंत हवी, आधीच्या फळीएवढी उंच. खाचेतून पाणी आलं, तर भिंतीशी अडेल आणि मागच्या फळीला पाडलेल्या भोकांतून बाहेर निघून जाईल."

"भिंत घातली तर जाळं कुठे ठेवू, डोक्यावर?" थोरला म्हणाला. "तुम्ही कापा. भिंतीचं हंगाम संपला की बघू."

"तुझं बघू मला माहीत आहे," काका म्हणाले. पण त्यांनी करवत उचलली.

खाच सुरेख पडली. कडा घासून गुळगुळीत केल्या. पोरीचे केस कापल्यासारखं सगळ्यांनी मला मागून-पुढून बघितलं आणि छान म्हटलं. धाकटा दोन महिने खरंच शिट्टी वाजवत होता.

त्या सकाळी परतताना माझ्या मागच्या भागात ओलं जाळं होतं, माशांच्या टोपल्या होत्या, मशीन होतं. पंख्यात दोरी अडकली आणि मशीन बंद पडलं. दोरी काढायला धाकटा खाचेवर वाकला. तेवढ्यात मागून लाट आली. तशा लाटा मी शेकडो परतवल्या होत्या. ही सरळ आत आली. मागचा भाग खाली बसला, दुसरी लाट आली, आणि मी भरले. थोरला माझ्या पुढच्या टोकाला लटकून वाचला. धाकट्याला पोहता येत होतं, पण एका हाताने किती पोहणार?

तेव्हापासून घरात एकच वाक्य आहे. "लाटच मोठी होती." थोरला म्हणतो, थोरली म्हणते, सुतारकाकाही मान हलवतात. धाकटी ऐकते आणि उठून आत जाते.

मुलांनो, कुठल्याही वस्तूत बदल करा, खुशाल करा. पण अर्धा बदल करून उरलेला अर्धा पुढच्या महिन्यावर टाकू नका. आम्हां वस्तूंना तोंड नसतं, आम्हाला "थांबा" म्हणता येत नाही.

आज मला बघायला एक गिऱ्हाईक आलं. सोबत सुतारकाका होते. गिऱ्हाइकाने पोतं बाजूला केलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा! मशीनसाठी कापून तयारच आहे. माझं काम वाचलं. माझी मुलगी यायचं म्हणते बरोबर. मागे बसवीन तिला."

"होडी गुणी आहे हो," थोरली घाईघाईने म्हणाली. सुतारकाका खिशात नसलेला चष्मा शोधू लागले. धाकटी दारात उभी होती. आज ती आत गेली नाही.

थोरल्याने खाचेवर हात ठेवला. मग गिऱ्हाइकाकडे नाही, दाराकडे बघत बोलला.

"लाट मोठी नव्हती गं. रोजचीच होती. काकांनी भिंत घालायला सांगितली होती, मी घातली नाही. तो माझ्यामुळे गेला."