जिरूने उकरलेला बांध

अनिताचा हिशेब सरळ होता. मोझेसकाकांचा कुत्रा जिरू घरी आणला, की कणगीतल्या भातावरचे उंदीर जाणार, कुत्रा हवा म्हणून चाललेली लेकीची, मृणालीची भुणभुण थांबणार, आणि पेणमधल्या ज्या घरी ती वर्षानुवर्षं कडवे वाल पोचवत आली, त्या घरावर आपले थोडे उपकारही चढणार. खर्च काय, तर उरलंसुरलं जेवण. लगेच हो म्हणून ती मोकळी झाली.

मोझेस आणि दीना रोहेकर कायमचे लेकीकडे, शीराकडे, इस्राएलला निघाले होते. शीराचं घर लहान, जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका. जिरूला न्यायची सोय नव्हती. हा जॅक रसेल टेरिअर, बिळात घुसायलाच जन्मलाय, काम दिलं नाही तर घर खणून काढेल, असं दीनाकाकूंनी सांगितलं होतं. अनिताने त्यातलं उंदरांपुरतं ऐकलं. शुक्रवारी दिवेलागणीला काकू ज्यू रिवाजाप्रमाणे दिवा लावून त्याला मिठाला लावलेला भाकरीचा तुकडा द्यायच्या. तेवढी सवय मोडू नकोस, म्हणाल्या. गाडीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अनिताला वाटलं, जड नाही गेलं बाईंना.

कासूच्या पुढे, खाडीकडच्या गावात जिरू आला आणि महिन्याभरात कणगीचे उंदीर संपले. त्याच महिन्यात नवऱ्याचे, सुशीलचे बूट, तुळशीचा कट्टा आणि शेजारणीचा अळूचा वाफाही संपला. डोलवीच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला सुशील दुपारी डोळा मिटतो न मिटतो, तोच हा एवढासा पांढरा जीव एसटीवर भुंकायला उभा. कंपनीचा भोंगा बरा, तो दिवसातून ठरल्या वेळीच वाजतो, असं सुशील म्हणे. शुक्रवारी मात्र संध्याकाळी जिरू देव्हाऱ्यासमोर मुकाट बसे. तुकडा मिळेपर्यंत हलत नसे.

मग त्याने बांध उकरला.

त्या गावात खाडीचं पाणी भातात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक खारबांध आहे, आणि त्यातला प्रत्येक तुकडा एकेका घराने सांभाळायचा असतो. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. लावलाच तर सगळ्यांसमोर चिखल वाहून भरून द्यायचा. जिरूने नेमका जनूदादाचा तुकडा धरला. जनूदादा म्हणजे गावातला सगळ्यांत नीटनेटका माणूस. बांधावरचं गवतसुद्धा विंचरल्यासारखं. पिठोरी अमावास्येचं उधाण तोंडावर, भात पोटरीला आलेलं.

"कुत्रा नाय गो हा, उलट्या हाताचा मजूर हाय," तो अनिताला म्हणाला. "आपण भरायचं, यानं काढायचं. पाठव याला होता तिकडं."

तिकडे आता कुलूप होतं. रोह्याला कुणी ओळखीचा घेतो का बघू, असं सुशीलनेही सुनावलं. मृणाली जेवली नाही. गावाला तोंड काय दाखवायचं, फोनवर काकूंना काय सांगायचं, या विचारात अनिता सकाळी चिखलाचं घमेलं घेऊन बांधावर गेली. गाव बघायला जमलेलंच होतं.

खड्डा भरण्याआधी तळ चाचपायला तिने हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. तळ लागेना. बोटं बाहेर काढून तिने जिभेला लावली. खारट.

"जनूदादा, हे याने नाय केलं," ती म्हणाली. "हे घुशीचं बीळ हाय. आरपार."

जनूदादाने स्वतः हात घालून बघितला आणि बराच वेळ काढलाच नाही. वरून विंचरलेला बांध आतून पोकळ होता. उधाणाच्या पाण्याला तेवढी वाट पुरली असती. आधी त्या तुकड्यालगतचं अनिताचं भात, मग सगळ्यांचंच. मग त्याने घमेलं तिच्या हातातून घेतलं आणि दुपारी स्वतःच दारात येऊन, मजुराला जरा पुढच्या तुकड्यांवर पाठवशील का, म्हणून विचारलं. जिरू जिथे थांबून उकरी, तिथे गाव चिखल ठोकी. अमावास्येला पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढलं, आणि तसंच परत गेलं.

शुक्रवारी अनिताने दिवा लावला आणि दीनाकाकूंना व्हिडिओ कॉल केला. तिकडे अजून ऊन होतं. जिरूच्या तक्रारी तिने कधीपासून साठवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही ओठावर आली नाही. तिने बांधाची हकिगत सांगितली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही दिलात म्हणून या वर्षी आमच्या घरात तांदूळ येणार."

काकूंचा आवाज येताच जिरू देव्हारा सोडून उठला, फोनच्या मागे जाऊन त्यांना शोधू लागला. काकूंनी चेहरा बाजूला केला. "तू ठेवून घेतलास गो त्याला," त्या म्हणाल्या, "तुझेच उपकार."

अनिताने तुकडा मिठाला लावून जिरूला दिला आणि मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. जनूदादाचा बांध राहिला, गावाचं भात राहिलं, मृणालीला सोबती मिळाला, सुशीलची फक्त झोप गेली. सगळ्यांच्या वाट्याला काही ना काही आलंच होतं. किंमत भरली होती एकाच बाईने, गाडीत बसताना, मागे न बघता.