धवलारणीचा जबडा

मी पुतळाबाईचा खालचा जबडा बोलतोय. बोलणं हे कायम माझंच काम होतं, पण श्रेय सगळं जिभेने घेतलं.

बदलापूरजवळच्या आमच्या आगरी गावात पुतळाबाई धवलारीण. लग्नात धवले गाणारी बाई. ती गायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. त्यामुळे मलाही मान होता.

मग पस्तिशीनंतर, शहाणी हाडं वाढायची केव्हाच थांबलेली असतात त्या वयात, मी वाढू लागलो. हातापायांनीही तीच हौस घेतली. बांगड्या चढेनात, नाक रुंदावलं. मी इतका पुढे सरकलो की वरचे-खालचे दात एकमेकांना भेटेनात. भाकरी तुटेना, धवल्यातले शब्द फसफसू लागले. गावाने निदान केलं, बाई अंगाने सुधारली.

उल्हासनगरच्या कॅम्पातला एक दातवाला म्हणाला, "दो दाँत निकाल देंगे माई, सब बराबर बैठ जाएगा." त्याने खालचे दोन धडधाकट दात उपटले. त्यांचा गुन्हा इतकाच, की ते आधी हाताला लागले.

शेवटी मुंबईच्या इस्पितळात खरं कारण सापडलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती बिघडून वाढीचा रस वाटेल तसा सोडत होती. म्हणजे खोड त्या वाटाण्याची, आणि कापणार मला. आधी किरणांनी तिला शांत केलं, मग मला दोन्ही बाजूंनी कापून मागे बसवायचं ठरलं.

नवरा हरिचंद्र घाबरला. "भात कालवून जेवतंस ना? मंग कापाचं क्याला?"

"चांगुणाच्या लग्नान दुसऱ्या गावची धवलारीण आनाची? माझ्या पोरीच्या? मना नाय चालाचं."

मला कापलं, मागे बसवलं आणि वरच्या दातांना तारेने बांधून टाकलं. कित्येक आठवडे पेज आणि कालवणाचं पाणी. पुतळाबाई मिटल्या तोंडाने घरी आली, तेव्हा शेजारच्या राजाबाईने जाहीर केलं की हिने लेकीसाठी मौनाचा नवस केलाय. ओटीवर नारळ येऊ लागले, बायका पाया पडू लागल्या. पुतळाबाई हात हलवून नको म्हणायची. तो आशीर्वाद समजला जायचा.

हळदीच्या आधी तारा निघाल्या. पुतळाबाई मांडवात आली, तर तिथे दुसऱ्या गावची धवलारीण आणून बसवलेली, तीही राजाबाईने, मोठ्या भक्तीने.

"लगीन लागंपरत तोंड उघडू नको, पुतळे. नवस मोडंल, पोरीला बाधंल."

"नवस नाय गो, तार व्हती," ती म्हणाली. देवाचं नाव निघाल्यावर डॉक्टरची तार कोण ऐकतो? बायकांनी तिला मागे ओढलं. एवढी चिरफाड सोसून मी तिच्या तोंडात नुसता बसून राहणार होतो. मला रडू आलं.

तेवढ्यात हळद लावलेली चांगुणा पाटावरून उठली. तारा डोळ्यांनी पाहूनही तिला तो नवसच वाटत होता.

"बाधलं तं बाधूं दे," ती म्हणाली. "आये, तू बोल."

पुतळाबाईने धवला धरला. मी जेमतेम दोन बोटांएवढाच उघडत होतो, सांधे ठणकत होते. पण शब्द न् शब्द धुतल्या तांदळासारखा निघाला. इतकं सुख मला घास चावतानाही कधी झालं नव्हतं.

पाठवणीच्या धवल्याला मात्र मी थरथरलो. कोणी विचारलं तर सांगा, हाड अजून कच्चं होतं.