शुक्र मंगळाच्या घरी बसून राहिला

पास्को सरांना ग्रहांचं सगळं कळतं आणि माणसांचं काहीही कळत नाही, असं आमच्या न्यूलिन या मासेमारीच्या बंदरगावात कुणी उघड म्हणत नाही. म्हणून मी म्हणते.

सर पूर्वी भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकरीच्या दुकानावरची खोली घेतली आणि प्रश्नकुंडल्या मांडायला लागले. तुमच्या जन्मवेळेशी त्यांना कर्तव्य नाही. तुम्ही प्रश्न विचारलात आणि तो त्यांना समजला, की त्या क्षणाची कुंडली मांडायची आणि त्यातून उत्तर काढायचं. हरवलेलं मांजर कुठे आहे, असलेही प्रश्न येतात. पण तो अरुंद जिना धापा टाकत चढणाऱ्या बहुतेक बायकांना एकच गोष्ट हवी असते. त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?

माझी मॉर्वेना मावशी त्यांतलीच. एरवी ती शहाणी आहे. बंदरावरच्या बेकरीत ती पास्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या करते आणि तिच्या पास्टीची कड कधी उकलत नाही. तिची ही कीर्ती ब्रिस्टलपर्यंत गेली आणि तिथल्या एका मोठ्या बेकरीने तिला भटारखान्याची प्रमुख म्हणून बोलावलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. माझ्यासारखीने बॅग भरूनच होकार कळवला असता. मावशी मात्र अडली होती ती डेन्झिलपाशी.

डेन्झिल बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मी बाहुल्यांशी खेळत होते तेव्हापासून तो दर रविवारी मावशीकडे जेवायला येतो. भाजलेलं मटण खातो, एखादा नळ घट्ट करतो, सोफ्यावर बसून बंदराकडे बघतो आणि अंधार पडायच्या आत घरी जातो. बस्स. एवढ्यावर माझ्या मावशीचं सगळं तारुण्य गेलं.

त्या आठवड्यात ती मला सोबत घेऊन सरांकडे गेली. प्रश्न विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. सरांनी कुंडली मांडली. मेष लग्न, मेषेचा मालक मंगळ, म्हणजे विचारणारी मावशी झाली मंगळ. समोरचं जोडीदाराचं घर तुळेचं, तिचा मालक शुक्र, म्हणजे डेन्झिल झाला शुक्र. डेन्झिल आणि शुक्र! मी हसू दाबायला खोकले.

प्रेमाच्या प्रश्नात सरांचा सगळा भर पाहुणचारावर असतो. ग्रह ज्या राशीत बसतो, त्या राशीच्या मालकाचा तो पाहुणा आणि त्या मालकावरच त्याचा जीव. इथे शुक्र होता मेषेत, म्हणजे मंगळाच्या घरी, आणि मंगळ वृषभेत, म्हणजे शुक्राच्या घरी.

"असा दोन्हीकडचा पाहुणचार मी क्वचितच पाहिलाय, मॉर्वेना," सर चष्मा काढून म्हणाले. "त्याचा जीव तुझ्यात आहे आणि तुझा त्याच्यात. शंकाच नको."

मावशी जिना उतरली ती तरंगतच. घरी येईपर्यंत तिने ब्रिस्टलला नाही म्हणायचं ठरवलंसुद्धा.

आता, सर दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचा कुंडलीचा वर्ग घेतात. मावशीबरोबर मीही तिथे बिस्किटांसाठी बसते, पण माझे कान काही बिस्किटं खात नाहीत. पाहुणचार म्हणजे मनात काय आहे ते; प्रत्यक्ष काही घडायचं तर दोन ग्रहांची एकमेकांवर दृष्टी असावी लागते, हे त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून मावशीची कुंडली मांडल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गणवेशातच त्यांच्याकडे गेले.

"सर, मेष आणि वृषभ शेजारी शेजारी. शेजारच्या राशी एकमेकींना बघतच नाहीत, हे तुमचंच ना?"

"माझंच."

"मग ही दोघं भेटणार कशी?"

"भेटतील असं मी कुठे म्हटलं?" सर अगदी निवांत होते. "तिने विचारलं, प्रेम आहे का. तर आहे. लग्न होईल का, हे तिने विचारलंच नाही."

जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हा म्हणे या विद्येचा नियम. एखाद्या बाईचं अख्खं आयुष्य त्या नियमाखाली चेपलं तरी चालेल. मी म्हटलं, निदान ते दोन्ही ग्रह परक्या घरी अवघडून, दुबळे होऊन बसलेत हे तरी सांगायचं. सर म्हणाले, या उत्तरावर ती नोकरी नाकारणार आहे हे बोलली असती तर सांगितलं असतं. मग शुक्र पुढे सरकला तर काय, असं मी विचारलं. तर तो वृषभेत जाईल, म्हणजे स्वतःच्या राशीत.

"म्हणजे हलला, की थेट स्वतःच्या घरी," मी म्हटलं.

सरांना ते फार आवडलं. मला चांगली नजर आहे म्हणाले आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. मी तो मागे सारला. मावशीला परत विचारता येईल का, तर नाही. एकाच गोष्टीची दुसरी कुंडली खोटी पडते. हाही नियमच.

मावशी कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तो तुझ्या घरी जाऊन बसलाय आणि तू त्याच्या. दोघंही दार वाजवताय आणि आत कुणीच नाहीये.

"पंधरा वर्षांच्या पोरीने मला प्रेम शिकवू नये, टॅमसिन."

"सोळा."

"सोळाव्या वर्षी मलाही सगळं येत होतं." तिने कणकेवर असा बुक्का मारला, की ताटल्या वाजल्या. मग कणीक परत गोळा करत म्हणाली, "सरांना तर परत विचारता येत नाही."

"डेन्झिलला विचार ना. त्याला कुठे कुंडली लागते?"

रविवारी आईची इस्पितळात कामाची पाळी असते, म्हणून मी मावशीकडेच जेवते. डेन्झिलने बटाट्यांवर रस्सा ओतून घेतला, तेव्हा मावशीने हातातला चमचा खाली ठेवला.

"डेन्झिल, मला ब्रिस्टलला नोकरी मिळतेय. जाऊ की राहू?"

त्याचा काटा हवेतच थांबला. मी अगदी समोर बसले होते, त्यामुळे मला स्पष्ट दिसलं: त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे सरांचा पाहुणचार खरा होता. या माणसाचा तिच्यावर खरोखर जीव होता आणि त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला. प्रेम नसतं तर निदान त्याला काहीतरी सबब होती.

"तुझं तू ठरवायचंस, मॉर्वेना. मी कोण सांगणार?"

"तूच सांगायचंस. म्हणून तर विचारलं."

तो खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर एक बोट लागली, दोर फेकले गेले, कुणीतरी कुणालातरी शिव्या घातल्या. तरी हा बघतच होता. शेवटी म्हणाला, ब्रिस्टल लांब आहे. आणि मग, "तिकडून रविवारी सकाळची गाडी असते का?"

"म्हणजे मी तिकडून येऊन तुला जेवायला वाढू?" मावशीने विचारलं.

"तसं नाही गं." तो लालबुंद झाला. नाक पुसलं. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने न मागता काहीतरी देऊ केलं. "सामान बरंच असेल ना तुझं? मी व्हॅनने स्टेशनवर सोडतो."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. बंदरावर मासळी बघताना ती जशी बघते, तशी; घ्यायची नाही हे ठरल्यावरही क्षणभर. मग उठली, खिडकीतला फोन घेतला आणि उभ्या उभ्याच ब्रिस्टलला होकार कळवून टाकला. परत बसून तिने थंड झालेले बटाटे संपवले. एकही सोडला नाही.

निघायच्या दिवशी डेन्झिल वेळेच्या आधी हजर. खोकी त्याने एकट्याने उचलली, मला हातही लावू दिला नाही. जवळच्या पेन्झान्स स्टेशनच्या फलाटावर मावशीने त्याच्या गालाचा मुका घेतला, मला घट्ट कुशीत घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. खिडकीतून तिने हात हलवला तो मला. गाडी दिसेनाशी झाल्यावर डेन्झिल रडला. अगदी मनापासून, खांदे हलवून रडला. चहाच्या टपरीवरच्या बाईने त्याला कागदी रुमाल आणून दिला.

रडून झाल्यावर त्याने रुमालाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे वळला.

"रविवारी तुझी आई जेवायला काय करते गं?"

मी सांगितलं, आई रविवारी कामावर असते. तो म्हणाला, चल, व्हॅनने सोडतो. मी चालत घरी आले.